जोधपूरची धूळ: सगळीच वाळवंटाची नव्हे

प्रश्न : मुलगा-सून वर्षभरापासून जोधपूरला आहेत. नातवाला बालदमा आहे. सून रोज हवेचे आकडे बघून धास्तावते. मुलगा म्हणतो, वाळवंटात धूळ असायचीच, मातीनं काय होतंय? कोणाचं खरं?
– एक आजी

उत्तर : आजी, सुनेचं. मुलाचं म्हणणं फार तर मे-जूनपुरतं चालेल, आणि तेही अर्धंच.

मी काही वर्षं जोधपुरात हवेचे नमुने घेत होतो. गच्चीवरचं पीएम 2.5 चं, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या अतिबारीक कणांचं, यंत्र तासाला साधारण एक घनमीटर हवा ओढतं आणि 47 मिलिमीटरच्या पांढऱ्या गोल फिल्टरवर धूळ धरतं. चोवीस तासांनी तो चिमट्यानं उचलायचा आणि वजन करायचं. पण काट्याआधी डोळेच सांगायचे. मे-जूनच्या आंधीच्या, म्हणजे धुळीच्या वादळांच्या, दिवसांतला फिल्टर मातकट पिवळा, डिसेंबरातला काळपट. तो काळा रंग वाळवंटाचा नव्हे. डिझेल, जळता कचरा, भट्ट्या आणि शेकोट्यांचा. थंडीत वारा पडलेला असतो, त्यामुळे धूर खालीच कोंडतो.

आता पिवळ्याचं सांगतो. वाळूचे जाड कण फार लांब उडत नाहीत, जमिनीलगत टणाटण उड्या मारतात. पण दर उडीला खालच्या मातीतली बारीक पूड मोकळी करतात, आणि ती मैलोन्‌मैल जाते. न छेडलेल्या मातीवर एक कडक पापुद्रा असतो, तो ही पूड धरून ठेवतो. ट्रॅक्टरचा नांगर आणि गाड्यांची चाकं तो फोडतात. तेव्हा आंधी निसर्गाची असली, तरी तिच्या तोंडी बराच माल आपणच देतो! शिवाय सूरसागर, केरूकडच्या दगडखाणी. तो वालुकाश्म क्वार्ट्‌झनं भरलेला, त्याची पूड श्वासातून जाऊन तिथल्या कामगारांना सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो. ‘नुसती माती’ म्हणणाऱ्यानं त्यांच्यापैकी एकाला जिना चढताना बघावं. शहरात राहणाऱ्याला तेवढा धोका नाही, हेही खरं. त्याच्या वाट्याला येते ती जास्त करून रस्त्याकडेची, प्रत्येक गाडीमागे पुन्हा उठणारी धूळ.

आपल्याकडे 24 तासांची मर्यादा पीएम 10 साठी (दहा मायक्रॉनपर्यंतचे, म्हणजे त्याहून जाड कणही धरून) घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम आणि पीएम 2.5 साठी 60 आहे. आंधीच्या दिवशी पहिली सहज ओलांडली जाते. दम्याच्या मुलाला जाड कणही पुरतात. श्वासनलिका चिडायला ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत जावे लागत नाहीत.

सुनेला म्हणावं, नुसता आकडा बघू नकोस. ‘समीर’ या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ॲपवर त्या दिवशीचा मुख्य प्रदूषक कोणता तेही दिसतं. पीएम 10 असेल तर खिडक्या लावायच्या, वारा थांबला की ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. कोरडा झाडू तेवढा मारू नये, बसलेली धूळ तो पुन्हा नातवाच्या नाकाशी आणतो. पीएम 2.5 असेल तर रुमाल बांधून उपयोग नाही. घट्ट बसणारा एन-95 हवा, आणि संध्याकाळी शेकोटीजवळचं खेळणं बंद. डॉक्टरांनी पंप दिला असेल, तर तो किती उरलाय ते आंधीचे दिवस यायच्या आधी, मार्चमध्येच बघून ठेवायला सांगा.