गावात छपाईचा प्रेस नसताना मुद्राचित्रण शिकता येईल का?

यवतमाळ जिल्ह्यातील गावात राहून, जवळपास स्टुडिओ नसताना मुद्राचित्रणाची, म्हणजे ठसा कोरून त्यावरून कागदावर चित्र छापण्याची, सुरुवात कशी करावी, असे आपण विचारले आहे. मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. शहरातील स्टुडिओत काही महिने शिकलो आणि आता घराच्या पडवीत ठसे काढतो.

सुरुवात लिनोनेच करावी; लिनो म्हणजे ठसा कोरण्यासाठीची मऊ, सपाट चादर. लिनो जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा यांपासून तयार होतो आणि छपाईच्या तेलकट शाईतही बहुधा जवसाचेच तेल असते. आपण ज्याची चटणी खातो, तेच हे पीक. थंडीत लिनो कडक होतो, म्हणून कोरण्यापूर्वी तो थोडा वेळ उन्हात ठेवावा. कोरणीच्या पुढे दुसरा हात कधीही येऊ देऊ नये. छाप उलटी उमटते, हे ठाऊक असूनही मी पहिल्या ठशात माझे नाव सरळच कोरले होते.

सारे कौशल्य कोरण्यातच आहे, असा माझा समज होता. स्टुडिओत कळले की निम्मी छाप शाई लावतानाच बिघडते. काचेवर थोडीच शाई घेऊन रोलर फिरवावा आणि प्रत्येक फेरीनंतर उचलून पुन्हा टेकवावा. थर पातळ व एकसारखा झाला की बारीक चर्र असा आवाज येतो. चपचप ऐकू आले तर शाई जास्त झाली आणि बारीक रेषा बुजणार, असे समजावे. हा कान तयार व्हायला मला तीन आठवडे लागले.

लिनोसाठी प्रेस लागतोच असे नाही. ठशावर पातळ कागद ठेवून चमच्याच्या पाठीने मधून कडांकडे घासावे आणि एका हाताने कागद दाबून धरत दुसऱ्याने कोपरा उचलून पाहावा. फिकट दिसले तर तेथे पुन्हा घासता येते. एचिंगला, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापण्याच्या पद्धतीला, मात्र भक्कम प्रेस आणि आम्ल लागते, त्यामुळे ते घरी करू नये. ते पाहायचे असल्यास भोपाळच्या भारत भवनात मुद्राचित्रणाचा स्टुडिओ आहे आणि नागपूरहून तेथे थेट रेल्वे जाते.

साफसफाईला रॉकेलऐवजी खाण्याचे तेल आणि नंतर साबण पुरतो. जवसतेलाने माखलेल्या चिंध्यांचा गोळा मात्र कोपऱ्यात टाकून ठेवू नये. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा धोका अधिकच असतो. मी अशा चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतो.