ब्लोअरची मोटर जाम झाली म्हणून गाडी विकायची का?

प्रश्न: गाडी सोळा वर्षांची आहे. गेले काही महिने हीटर लावला की डॅशबोर्डमागून चिरका आवाज यायचा. मग एके दिवशी ब्लोअर बंदच पडला. फ्यूज उडाला होता. नवा टाकला, तोही उडाला, म्हणून जास्त अँपिअरचा टाकला. तो टिकलाय, पण पंखा फिरत नाही. गॅरेजवाले म्हणतात मोटर जाम आहे, मोटर आणि रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी करणारा भाग) दोन्ही बदलावे लागतील आणि त्यासाठी अर्धा डॅशबोर्ड उघडावा लागेल. खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या साधारण आठव्या हिश्शाएवढा आहे. मेहुणे म्हणतात, एवढ्या जुन्या गाडीत पैसे ओतू नका, पाच वर्षांचं कर्ज काढून नवी घ्या. मागच्याच वर्षी क्लच आणि चारही टायर बदललेत, ते पैसे वाया जातील असं वाटतं. गाडी अजून दोन-तीन वर्षं वापरायचा विचार होता. काय करू?

उत्तर: पैशाचं नंतर बोलू, आधी तो जास्त अँपिअरचा फ्यूज काढा. तो टिकलाय ही चांगली बातमी नाही. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच उलटा विद्युतदाब तयार करते आणि त्यामुळे प्रवाह आटोक्यात राहतो. शाफ्ट अडकला की तो उलटा दाब संपतो आणि मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढू लागते. अशा वेळी फ्यूजने जळायचं आणि वायरिंगला वाचवायचं, एवढंच त्याचं काम असतं. तुम्ही मोठा फ्यूज टाकलात म्हणजे जळायची पाळी आता कनेक्टर, स्विच किंवा वायरवर आली. वायरिंगचा गठ्ठा जळाला तर तुम्हाला मिळालेला अंदाज कितीतरी पट वाढेल, आणि मग माझं उत्तरही बदलेल. तेव्हा मोटर निघेपर्यंत ब्लोअरचा स्विच बंद ठेवा आणि फ्यूजची जागा रिकामी राहू द्या. त्याच फ्यूजवर आणखी काही चालत असेल, तर कंपनीने सांगितलेल्या अँपिअरचाच फ्यूज लावा.

आता निर्णय. माझं मत दुरुस्तीच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. ती पुढे सांगतो.

'गाडीच्या किमतीचा आठवा हिस्सा' ऐकायला मोठा वाटतो, पण इथे ते माप चुकीचं आहे. गाडीची बाजारातली किंमत विकणाऱ्याच्या कामाची, आणि तुम्ही तर विकत नाही आहात. ब्लोअर चालू झाल्याने गाडीची किंमत तेवढी वाढणार नाही हे खरंच, पण तुम्ही किंमत विकत घेत नाही, महिने विकत घेताय. अडीच वर्षं म्हणजे ३० महिने धरा. आठवा हिस्सा ३० महिन्यांत वाटला, तर दर महिन्याला गाडीच्या आजच्या किमतीचा २४० वा भाग पडतो.

हाच हिशोब नव्या गाडीचा करा. बहुतेक लोक इथे दुरुस्तीची रक्कम आणि कर्जाचा हप्ता शेजारी ठेवतात. तेही बरोबर नाही, कारण हप्त्यात मुद्दल असतं आणि त्या बदल्यात तुमच्या हातात गाडी येते. खरा खर्च म्हणजे व्याज, वाढीव विमा आणि घसारा, म्हणजे गाडीची उतरत जाणारी किंमत. यातला घसारा सर्वात मोठा आणि सर्वात कमी दिसणारा, कारण त्याचं बिल कधी येत नाही. समजा, नवी गाडी तुमच्या गाडीच्या आजच्या किमतीच्या आठपट आहे. (तुमचा आकडा वेगळा असेल, तो टाकून बघा.) पहिल्या वर्षी ती फक्त दहा टक्क्यांनी उतरली असं धरू. हा फारच उदार अंदाज आहे, नव्या गाड्या पहिल्या वर्षी बहुधा याहून जास्त उतरतात. तरीसुद्धा तो घसारा तुमच्या जुन्या गाडीच्या किमतीच्या ८० टक्के होतो. महिन्याला १५ वा भाग. दुरुस्तीच्या सोळापट, आणि यात व्याज धरलेलंच नाही.

मेहुणे म्हणतील, आज ब्लोअर, उद्या अजून काही. बरोबर आहे, जुनी गाडी एका दुरुस्तीवर थांबत नाही. म्हणून हिशोब आणखी ताणून बघा: एवढ्याच रकमेचं काम दर तीन महिन्यांनी निघालं, तर वर्षाला गाडीची निम्मी किंमत जाते. अजूनही ती नव्या गाडीच्या पहिल्या वर्षीच्या घसाऱ्याखालीच आहे. त्या हिशोबात न बसणारी एकच गोष्ट म्हणजे भरवसा. गाडी रस्त्यात बंद पडली की तुमची रोजची कमाई बुडत असेल, तर मेहुण्यांच्या म्हणण्याला वजन आहे. पण ब्लोअरमुळे गाडी रस्त्यात बंद पडत नाही.

क्लच आणि टायरचे पैसे गेले. गाडी ठेवली तरी ते परत येणार नाहीत आणि विकली तरी नाहीत, म्हणून 'ते वाया जातील' हे दुरुस्तीचं कारण होऊ शकत नाही. मात्र त्यांचा एक वेगळा उपयोग आहे: पुढच्या दोन-तीन वर्षांत ते दोन मोठे खर्च बहुधा येणार नाहीत. मागे किती घातले यापेक्षा पुढे किती लागणार नाहीत, एवढंच मोजा.

ब्लोअरशिवाय चालवायची हा तिसरा पर्याय तुम्ही विचारलेला नाही, पण मनात आला असेल. थंडी सोसता येते. समोरच्या काचेवर आतून धरलेली वाफ मात्र सोसायची गोष्ट नाही, कारण ती घालवणारी हवा याच पंख्यातून येते. गाडीला एसी असेल तर त्याची हवाही हाच पंखा ढकलतो. आणि वयस्कर गाडीचं इंजिन कधी तापलंच, तर हीटर पूर्ण उघडून ब्लोअर जोरात लावणं हा बाजूला थांबेपर्यंत उष्णता बाहेर काढायचा जुना उपाय आहे, तोही हातचा जातो. तेव्हा हा खर्च चैनीचा नाही.

आता ती अट. मोटर का अडकली, हे कळल्याशिवाय पैसे देऊ नका.

या मोटरचा शाफ्ट बहुधा तेल मुरवलेल्या धातूच्या बुशमध्ये, म्हणजे छोट्या नळीसारख्या आधारात, फिरतो. वर्षानुवर्षांनी ते तेल संपतं, बुश कोरडा पडतो, आधी किरकिर करतो आणि मग पकडतो. तुमच्याकडे महिनोन्‌महिने चिरका आवाज येत होता, म्हणजे हेच कारण असण्याची शक्यता जास्त. तसं असेल तर प्रश्न मोटरपुरताच आहे. दुसरं कारण पाणी. समोरच्या काचेच्या खाली, वायपरजवळ, बाहेरची हवा आत घेणारी जागा असते. तिथलं पाणी वाहून जायची भोकं पालापाचोळ्याने बुजली की पाणी ब्लोअरच्या घरात उतरतं आणि मोटर गंजते. तशा गाडीत नवी मोटर टाकणं म्हणजे गळक्या छताखाली नवी गादी घालणं. पायाखालचं कार्पेट हाताने दाबून बघा. ओलं असेल, काचेच्या खालच्या कडेला पत्रा गंजलेला असेल, किंवा कनेक्टर वितळून वायरी आतपर्यंत काळ्या पडल्या असतील, तर नवा अंदाज मागा आणि वरचा हिशोब नव्या रकमेने परत करा. गंज पत्र्यात खोलवर शिरला असेल, तर तुम्ही धरलेले ३० महिने खरे नाहीत, आणि माझी सगळी गणितं त्या तीसवर उभी आहेत.

म्हणून गॅरेजवाल्यांना पूर्ण कामाची संमती आज देऊ नका. आधी फक्त तपासणीचे पैसे द्या. त्याआधी दुसऱ्या एका मेकॅनिकला विचारा की या मॉडेलमध्ये डॅशबोर्ड खरंच उघडावा लागतो का. बऱ्याच गाड्यांत ही मोटर ग्लव्ह बॉक्सच्या खालून तीन-चार स्क्रू काढले की खाली येते, काहींत मात्र खरोखरच सगळं उकलावं लागतं. मजुरीचा आकडा यावरच ठरतो. अंदाज लेखी घ्या, त्यात सुटे भाग आणि मजुरी वेगळे लिहून मागा.

कुठल्या दर्जाची मोटर टाकायची हेही त्या मजुरीवरच ठरवा. मोटर सहज निघत असेल, तर मोडीत काढलेल्या गाडीतली चालू मोटर चालेल. ती लवकर गेली तरी परत बदलायला फारसं काही लागत नाही. डॅशबोर्ड उघडावा लागत असेल, तर जुनी मोटर टाकू नका. तिचा बुशही तुमच्याच मोटरच्या वयाचा असतो, आणि सुट्या भागात वाचवलेले पैसे दुसऱ्यांदा मजुरीत जातील. जाम मोटर उघडून, साफ करून, बुशला तेल देऊन फिरती करता येते आणि त्याला जवळजवळ काही लागत नाही. पण तो इलाज काही महिन्यांचा. गाडी लवकर विकायची असती तर मी तोच सुचवला असता, घेणाऱ्याला तसं सांगून. गंज सोडवणारा स्प्रे मारून भागवू नका, तो उडून जातो आणि बुश परत कोरडा पडतो.

रेझिस्टर बदलायचं त्यांचं म्हणणं रास्त आहे. कमी वेगांचा प्रवाह त्यातूनच जातो, आणि तो थंड राहतो तो याच पंख्याच्या हवेने. मोटर अडकली की प्रवाह वाढतो आणि हवा थांबते, दोन्ही एकदमच. डॅशबोर्ड उघडणारच असेल तर त्याच घरातला हीटर कोअर (इंजिनचं गरम कूलंट फिरवून हवा तापवणारी जाळी) बघून घ्यायला सांगा. गोडसर वास, काचेवर तेलकट थर, कूलंट कमी होत जाणं यातलं काही असेल तरच तो बदला. उगाच 'उघडलंच आहे तर' म्हणून नको.

पैसे कुठून काढायचे? सोळा वर्षांच्या गाडीचा खर्च हा अचानक आलेला प्रसंग नव्हे, तो येणारच होता. महिन्याच्या शिलकीतून निघत असेल तर उत्तम. नसेल तर आपत्कालीन निधीतून घ्या आणि तीन-चार महिन्यांत तो परत भरा. क्रेडिट कार्डावर थकवून ठेवू नका. आणि मेहुण्यांनी सुचवलेल्या कर्जाचा हप्ता काढून बघितला असेलच, तर त्याचा निम्मा भाग याच महिन्यापासून वेगळ्या खात्यात टाकायला लागा. मधल्या दुरुस्त्या त्यातूनच करा. अडीच वर्षांनी जे उरेल तेवढं कर्ज कमी काढावं लागेल, आणि पूर्ण हप्ता तुम्हाला झेपतो की नाही हेही तोवर कळलेलं असेल.