वाचकांचे प्रश्न : हात न पोहोचणारा ऑक्सिजन सेन्सर

प्रश्न : आमची नऊ वर्षांची पेट्रोल गाडी दापोली तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर उभी असते. महिनाभर ‘चेक इंजिन’चा दिवा विझत नाही. स्कॅनरवर पी०१३५ हा कोड आला. पहिला ऑक्सिजन सेन्सर बदलावा लागेल असे मिस्त्री म्हणतात, पण तो इंजिनाच्या मागे, केबिनच्या पत्र्यालगत असल्याने काम टाळत आहेत. मला ते घरी करता येईल का?

उत्तर : करता येईल, मात्र सेन्सर खरोखरच गेला आहे याची खात्री आधी करून घ्यावी. ऑक्सिजन सेन्सर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातील ऑक्सिजन मोजतो. पी०१३५ हा कोड पहिल्या, म्हणजे इंजिनाकडच्या, सेन्सरच्या हीटरच्या विद्युतमार्गातील दोषाचा आहे. सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून त्याच्या आत हीटर बसवलेला असतो. त्याचा फ्यूज उडाला असेल किंवा खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढला असेल, तरीही हाच कोड येतो. म्हणून प्रथम फ्यूज पाहावा, नंतर कनेक्टर सोडवून मल्टिमीटरने सेन्सरच्या बाजूच्या हीटरच्या दोन तारांमधील रोध मोजावा. चार तारांच्या पुष्कळ सेन्सरमध्ये या दोन तारा एकाच रंगाच्या, बहुधा पांढऱ्या, असतात. काही ओहम रोध दाखवला तर हीटर शाबूत असण्याची शक्यता अधिक. मीटरने मार्ग तुटल्याचे दाखवले तर नवा सेन्सर मागवावा. कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नये किंवा स्प्रे मारू नये, कारण धुराशी तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा अनेक सेन्सरना तारांच्या आतून मिळते.

आता हात न पोहोचण्याविषयी. माझ्या मते जागेची अडचण ही या कामातील दुय्यम अडचण आहे. एअर फिल्टरचा डबा, त्याची नळी आणि उष्णतारोधक पत्रा काढला की बऱ्याच गाड्यांत वरून वाट मिळते, आणि जिथे मिळत नाही तिथे खालून लांब एक्स्टेंशन लावून पोहोचता येते. खरी अडचण गंजलेल्या आट्यांची आहे. किनाऱ्यावरच्या गाडीत नऊ वर्षांत सेन्सर आणि सायलेन्सरचा पाइप एकजीव झालेले असतात. अशा वेळी घाईने जोर लावला तर पाइपमधले आटेच निघून येतात आणि सेन्सरच्या खर्चाऐवजी मॅनिफोल्डचा (इंजिनाला जोडलेल्या धुराच्या नळ्यांच्या भागाचा) खर्च अंगावर पडतो.

म्हणून हे काम दोन दिवसांचे समजावे. आदल्या संध्याकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, सेन्सरच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल मारावे आणि तासाभराने पुन्हा मारावे. गरम पाइपवर ते कदापि मारू नये, पेट घेऊ शकते. सकाळी गाडी उघड्यावर ठेवूनच इंजिन चार-पाच मिनिटे चालवावे; बंद शेडमध्ये विषारी धूर कोंडतो. मग इंजिन बंद करून, जाड चामड्याचे हातमोजे घालून, पाइप गरम असतानाच पाना लावावा, कारण गरमीने गंजाची पकड ढिली होते.

सर्वसाधारण मोटारींत सेन्सरचे आटे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि षटकोन २२ मिलिमीटरचा असतो. तार बाहेर येण्यासाठी खाच असलेली खास गोटी (सॉकेट) मिळते. पण घट्ट धरलेल्या सेन्सरवर ती खाचेशी फाकते आणि षटकोनाचे कोपरे गोल करते. नवा सेन्सर हातात आला असेल आणि त्याचा कनेक्टर जुन्याशी जुळवून पाहिला असेल, तर जुन्याची तार सरळ कापावी आणि पूर्ण रिंगचा पाना किंवा अखंड खोल गोटी बसवावी. त्याआधी तार कापू नये; सुटा भाग पुण्याहून यायचा असेल तर तोवर गाडी अंगणात अडकून पडते. पहिला झटका सरळ एक्स्टेंशननेच द्यावा, वळणारा जोड सेन्सर सैल झाल्यावर वापरावा. जरासा सैल झाला की थोडा उलटा, थोडा सुलटा असे फिरवत, मध्ये तेल देत बाहेर काढावा. दोन-तीनदा पुन्हा तापवूनही तो हलला नाही, तर तिथेच थांबून गॅसची ज्योत असलेल्या गॅरेजमध्ये गाडी न्यावी.

खालून काम करणार असाल तर एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्याकडे हाताशी जांभ्याचा चिरा असतो आणि तोच चाकाजवळ टेकू म्हणून लावण्याचा मोह होतो. चिरा भाराखाली अचानक फुटतो. तसेच सारवलेल्या खळ्यात, विशेषतः पावसाळ्यात, जॅक रुततो. सिमेंटच्या जमिनीवर, योग्य भारक्षमतेच्या जॅक-स्टँडवर गाडी टेकवल्याशिवाय तिच्याखाली जाऊ नये.

नवा सेन्सर पडू देऊ नये, आतील सिरॅमिकला तडा जातो. त्याच्या आट्यांना, ते पुढे चिकटून बसू नयेत म्हणून, बहुधा कारखान्यातूनच लेप लावलेला असतो. तो नसेल तरच ऑक्सिजन सेन्सरसाठीचा लेप आट्यांना लावावा, टोकाला लागू देऊ नये. जवळपास सिलिकॉनचे सीलंट वापरू नये, त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो. पहिले आटे हातानेच बसवावेत. घट्ट करण्याचे माप गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावे. या आकाराला ते बहुधा ४० ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपास असते. तार जुन्याच चिमट्यांतून न्यावी, नाहीतर ती पाइपला टेकून वितळते. शेवटी स्कॅनरने कोड पुसून गाडी तापवावी. साध्या झिरकोनिया (एक प्रकारचे सिरॅमिक) सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होताना दिसला की काम जमले.

प्रश्न : जुना सेन्सर काढून पेट्रोलमध्ये धुतला, तर पुन्हा चालेल का? (मालवण)

उत्तर : नाही. साधी काजळी सेन्सर तापला की आपोआप जळून जाते, त्यामुळे धुण्याने काही साधत नाही. आणि सिलिकॉनचा किंवा जळलेल्या इंजिन ऑइलच्या राखेचा थर पेट्रोलने निघत नाही. टोकावर पांढरी राख दिसत असेल, तर नवा सेन्सर बसवण्यापूर्वी इंजिन ऑइल किती खाते ते तपासून घ्यावे, अन्यथा नवाही त्याच मार्गाने जाईल.