रक्तगट जुळला की झालं, मग किडनी प्रत्यारोपणात गणित कशाला?

मी ऑप्टिमायझेशन, म्हणजे अनेक पर्यायांतून सर्वांत चांगला निवडायचं गणित, शिकवते. हाच प्रश्न वर्गातही येतो, तेव्हा मी फळ्यावर चार जोड्या काढते.

जोडी म्हणजे एक रुग्ण आणि त्याला किडनी द्यायला तयार असलेलं त्याचं माणूस. पण रक्तगट तरी जुळत नाही, नाहीतर क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येते, म्हणजे रुग्णाच्या रक्तातल्या अँटिबॉडीज दात्याच्या पेशींवर हल्ला करतात. अशा दोन जोड्यांनी आपापसात दाते बदलले की दोन्ही रुग्णांचं काम होतं.

आता समजा क आणि ख यांची अदलाबदल जमते. क-ग यांचीही जमते, ख-घ यांचीही. ग-घ यांची मात्र जमत नाही. समोर दिसली म्हणून क-ख उरकली, तर ग आणि घ डायलिसिसवरच राहतात. क-ग आणि ख-घ लावली, तर चौघांनाही किडनी मिळते. चार जोड्यांत हे नुसतं बघूनही कळतं, शेकडो जोड्यांत कसं कळणार?

दोन-दोन जोड्यांचाच प्रश्न असेल तर गणितज्ञ एडमंड्स यांनी 1965 साली दिलेली रीत पुरते. तीन जोड्यांची चक्रं धरली, म्हणजे पहिलीचा दाता दुसरीला, दुसरीचा तिसरीला आणि तिसरीचा पहिलीला, की तोच प्रश्न एनपी-हार्ड होतो, म्हणजे तो नेहमीच झटपट सोडवणारी रीत कुणालाच माहीत नाही. तरी 2007 मध्ये अब्राहम, ब्लम आणि सँडहोम या संगणकशास्त्रज्ञांनी इंटिजर प्रोग्रॅमिंगने (उत्तरं पूर्णांकांतच शोधणाऱ्या गणिती पद्धतीने) दहा हजार जोड्यांपर्यंतची गणितं सोडवून दाखवली. चक्र तीन जोड्यांहून मोठं सहसा घेत नाहीत, त्याचं कारण ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. दात्याला करारात बांधता येत नाही, तो शेवटच्या क्षणी नाही म्हणू शकतो. म्हणून सगळ्या शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी करतात, आणि तीन जोड्या म्हणजे सहा शस्त्रक्रिया!

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो ओ गटाचा रुग्ण. त्याला फक्त ओ गटाचीच किडनी चालते. पण ओ गटाचा दाता बहुतेक वेळा आपल्याच माणसाला थेट देऊ शकतो, त्यामुळे तो अदलाबदलीच्या यादीत फारसा येतच नाही. नुसती प्रत्यारोपणांची संख्या वाढवा म्हटलं तर हे रुग्ण, आणि ज्यांच्या रक्तात खूप अँटिबॉडीज आहेत ते, मागेच पडतात. गणितात अशांना जास्त भार (महत्त्व) द्यायचा का, किती द्यायचा, हे समीकरणातून निघत नाही. ते माणसांनी आधी बसून ठरवायचं असतं.

म्हणूनच काही कार्यक्रमांत मुळात जुळणाऱ्या जोड्यांनाही सहभागी होता येतं. ए गटाचा रुग्ण आणि त्याचा ओ गटाचा दाता यादीत आले, तर त्या रुग्णाला दुसरीकडून, कदाचित तरुण दात्याची, किडनी मिळू शकते. आणि इकडे एक ओ किडनी मोकळी होते.