छेदात कोण कोण मोजलंय?

प्रश्न : जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतली गावं 2011 च्या जनगणनेवरून सामाजिक दुर्बलतेच्या क्रमाने लावतोय. आरोग्य शिबिरं आधी कुठे घ्यायची ते त्यावरून ठरवायचंय. स्त्री-निरक्षरता, सीमांत कामगार आणि शौचालय नसलेली घरं हे निकष घेतले. पण लहान मुलं जास्त असलेली गावंच वर येतात. काय चुकतंय?

उत्तर : छेद, म्हणजे टक्के काढताना ज्या एकूण संख्येने भागता ती. प्राथमिक जनगणना गोषवाऱ्यातल्या (जनगणनेचा गाववार तक्ता) ‘निरक्षर’ रकान्यात 0 ते 6 वयाची सगळी मुलं धरलेली असतात, कारण जनगणना सात वर्षांखालच्या कुणालाच साक्षर मानत नाही. समजा, गावात 600 स्त्रिया, त्यांत 100 लहान मुली आणि साक्षर 300. तुमच्या हिशेबात निरक्षरता 50 टक्के येते. मुली वजा केल्या की 500 पैकी 200, म्हणजे 40 टक्के. अंगणवाडीतली पोर निरक्षरांत गेली की तुम्ही निरक्षरतेच्या नावाखाली जन्मदरच मोजता.

शौचालयाचा रकाना सरळ काढून टाका. घरयादी (जनगणनेतली घरांची आणि सोयींची नोंद) 2010 ची, घरोघरी शौचालयं बांधणारं स्वच्छ भारत अभियान 2014 चं, म्हणून तो आकडा शिळा. सीमांत कामगारांचा रकाना ठेवा, पण जपून. सीमांत म्हणजे वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालेला माणूस. लोकसंख्येची मोजणी झाली 9 ते 28 फेब्रुवारीत, ऐन वीटभट्ट्यांच्या हंगामात. पूर्ण काळ भट्टीवर असलेलं कुटुंब नियमाप्रमाणे तिथेच मोजलं जातं. त्यामुळे स्थलांतराच्या गावात हा आकडा कमी दिसला तर लगेच खूश होऊ नका. अंगणवाडीच्या नोंदींशी ताडून पाहा.

मग प्रत्येक निकषावर गावांना क्रमांक द्या, सर्वांत बऱ्या गावाला 1. क्रमांकातून 1 वजा करून त्याला (एकूण गावं वजा 1) ने भागा. 0 ते 1 मधल्या या गुणांची बेरीज करा; बेरीज जास्त ते गाव जास्त दुर्बल. थेट टक्के मिसळले तर सात-आठ घरांचं एखादं गाव अख्खी मोजपट्टी ताणतं. तशी गावं ग्रामपंचायतीत मिळवलेली बरी.

प्रश्न : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या (2015-16) आणि पाचव्या (2019-21) फेरीवरून ठाणे जिल्ह्यातल्या कुपोषणाची तुलना करता येईल का?

उत्तर : नाही. पालघर 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाला, तरी चौथ्या फेरीने 2011 चेच जिल्हे धरले. त्या ठाण्यात डहाणू-तलासरीसारखे आता पालघरमध्ये असलेले आदिवासी तालुके आहेत, पाचव्यातल्या ठाण्यात नाहीत. एकाही मुलाचं वजन न वाढता ठाणं कागदावर सुधारेल!

राज्यातली गरीब-श्रीमंत तफावत मांडताना फरक आणि पट दोन्ही द्या. उदाहरणापुरतं, खुजी (वयाच्या मानाने उंची कमी असलेली) मुलं सर्वांत गरीब गटात 50 वरून 40 टक्क्यांवर आली, श्रीमंत गटात 25 वरून 18 वर. फरक 25 वरून 22 झाला, म्हणजे घटला. पट मात्र 2 वरून 2.2 झाली. एकच आकडा छापणारा बहुधा आपल्या सोयीचा निवडतो.

आणि या पाहणीच्या जिल्हा तक्त्यातला कंसातला आकडा 25 ते 49 नोंदींवर बेतलेला असतो. 25 पेक्षा कमी असतील तर आकड्याऐवजी नुसती चांदणी (*). कंसातल्या आकड्यांवर जिल्ह्यांची क्रमवारी लावू नका.