शर्यतीच्या गाडीचं वजन ड्रायव्हरसकट कमी भरतंय, बॅलास्ट (वजन भरून काढायला लावलेला जादा भार) किती आणि कसं लावू?

तुम्ही दिलेले आकडे असे: किमान वजन ड्रायव्हरसकट १०५० किलो, रिकाम्या टाकीची गाडी ९५५, हेल्मेट-सूट-बुटांसह तुम्ही ८२. एकूण १०३७, म्हणजे १३ किलोची तूट. पण नेमके १३ किलो लावून भागणार नाही. गाडी काट्यावर चढते ती सहसा शर्यत संपल्यावर. तोवर घामावाटे तुमचंच किलोभर वजन गेलेलं असतं, टायर झिजलेले असतात, आणि आयोजकांचा काटा तुमच्या काट्याशी जुळेलच असं नाही. मी ४ किलो वर धरेन, म्हणजे १७. टाकीत उरलेल्या पेट्रोलवर भिस्त ठेवू नका. लिटरमागे जेमतेम पाऊण किलो, आणि काही क्लब टाकी रिकामी करूनच वजन घेतात. नियमपुस्तिकेत हे आधी बघा.

लिथियम बॅटरी असेल तर साधी लेड-ॲसिड बसवा. बरीचशी तूट तिथेच भरून निघेल, शिवाय स्वस्तात. नियमात बसत असेल तर थोडा मोठा अग्निशामकही घ्या. निव्वळ शिसं वाहून नेण्यापेक्षा हे बरं.

उरलेलं वजन शिशाच्या पाटीने भरा. सगळे १७ किलो पाटीनेच भरायचे असतील तर ३० × २५ सेंटिमीटरची, २ सेंटिमीटर जाडीची पाटी बरोबर तेवढी भरते; बॅटरीने काही तूट भरली असेल तर त्या मानाने लहान घ्या. पोलादाची घेतली तर तेवढ्याच वजनाला जाडी सुमारे २९ मिलिमीटर लागते. शिसं घरी वितळवू नका, तयार पाटी घ्या. जागा: ड्रायव्हरशेजारच्या बाजूला, सीटच्या जागी, थेट फ्लोअरवर. डिकीत नको.

गफलत होते ती बसवण्यात. २५ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या २५ पट झटक्याच्या) धडकेत हीच १७ किलोची पाटी सव्वाचारशे किलोच्या जोराने बोल्ट ओढते. गाडीचा पत्रा असतो एखाद मिलिमीटरचा. साधा वॉशर त्यातून आरपार निघून येतो. म्हणून एम१२ चे (१२ मिलिमीटर व्यासाचे), ८.८ ग्रेडचे (मजबुतीचा दर्जा) किमान दोन बोल्ट, मी चार लावेन, आणि पत्र्याखाली ३ मिलिमीटर पोलादाची पट्टी, नायलॉक नटांसह (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे नट). शिसं मऊ असल्याने बोल्टच्या दाबाखाली हळूहळू चेपतं आणि घट्ट केलेला बोल्ट आपोआप सैल पडतो. त्यावर उपाय म्हणजे भोकात पोलादी स्लीव्ह आणि वरून पोलादी पट्टी. सीटचे किंवा बेल्टचे बोल्ट यासाठी अजिबात वापरू नका. वाळूच्या पिशव्या, टूलबॉक्स, झिप टाय असलं काही दिसलं तर स्क्रूटिनियर (शर्यतीआधी गाडी तपासणारा अधिकारी) गाडी तिथेच थांबवेल, आणि ते योग्यच आहे. बॅलास्ट गाडीच्या लॉगबुकात (नोंदवहीत) नोंदवायचं किंवा सील करायचं असेल तर तेही करून घ्या.

पाटी बसल्यावर चारही चाकांखाली काटे ठेवून, तुम्ही सीटवर बसलेले असताना कॉर्नर वेट (प्रत्येक चाकावरचा भार) पुन्हा मोजा. काटे एका पातळीत हवेत, टायरमधला दाब नेहमीचा, अँटी-रोल बारची (वळणावर गाडीचं कलणं कमी करणाऱ्या दांड्याची) लिंक सुटी. बॅलास्टने डाव्या-उजव्या बाजूचा भार बदलतो. तिरका भार (समोरासमोरच्या तिरक्या दोन चाकांवरचा एकूण वजनातला वाटा) ५० टक्क्यांवर आणायचा तो स्प्रिंगच्या पर्चने, म्हणजे स्प्रिंग टेकते त्या वर-खाली फिरवता येणाऱ्या बैठकीने.

सरावाच्या दिवशी आयोजकांच्या काट्यावर एकदा गाडी चढवा आणि त्यांचाच आकडा खरा धरून वरचे ४ किलो कमी-जास्त करा.