विचारा बागेविषयी : मे महिन्यात पुष्पप्रदर्शन?

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही पंधरा-सोळा जणींनी बागप्रेमी मंडळ काढलंय. दर महिन्याला एक व्याख्यान, मग चहा-पोहे. सुरुवातीला सगळ्या यायच्या, आता सहा-सातच येतात. पुढच्या मेमध्ये, सुट्ट्या बघून, पुष्पप्रदर्शन भरवायचं चाललंय. जमेल का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, मेमध्ये मांडणार काय? मोगरा, बोगनवेल अन् करपलेल्या कुंड्या? पारा चाळिशीच्या पुढं असताना सकाळी तोडलेला गुलाब दुपारी मान टाकतो. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच्या शेजारी राहून आपण उन्हाळ्यात शोभेसाठी कुंड्या भिजवत बसायचं, हे मला तरी पटत नाही. एप्रिल-मेचा कार्यक्रम वेगळा ठेवा : तुराट्यांचा मांडव घालणं, कुंड्यांत पाचटाचं आच्छादन करणं. झाडं जगली तर पुढचं सगळं.

प्रदर्शनाला डिसेंबरचा दुसरा रविवार धरा. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं जानेवारीत असतं म्हणून आपलंही जानेवारीतच हवं असं काही नाही. डिसेंबरात शेवंती भरात असते आणि गुलाबही त्याच सुमाराला आणता येतो. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण 45 ते 50 दिवस लागतात, म्हणजे 20 ऑक्टोबरच्या आसपास कात्री चालली पाहिजे.

तोच तुमचा ऑक्टोबरचा कार्यक्रम. वक्ता बोलावू नका, एखादीच्या अंगणात जमा. वाळकी, बारकी, एकमेकींत घुसलेली फांदी आधी काढायची. मग जोमदार फांदीवर बाहेरच्या अंगाला तोंड असलेला डोळा (जिथून नवा फुटवा येतो तो कोंब) शोधायचा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप द्यायचा, उतार डोळ्याच्या उलट्या बाजूला. डोळा आतल्या अंगाचा धरला की फांद्या मधोमध गर्दी करतात, हवा खेळत नाही आणि भुरी, म्हणजे पानांवर पांढरी बुरशी, येते. प्रत्येकीनं निदान एक झाड स्वतःच्या हातानं छाटावं. कात्री मात्र धारदार पाहिजे, भाजी चिरायची सुरी आणणारी एक तरी निघतेच.

आत्ता जुलैत रोपांची अदलाबदल करा. व्याख्यानाला दांडी मारणारी बाई रोप मिळणार म्हटल्यावर पिशवी घेऊन दहा मिनिटं आधी हजर असते! मृगाच्या पहिल्या सरीवर हुरळून जाऊ नका, नंतर पाऊस दडी मारतो. आर्द्रात चार चांगले पाऊस झाले की बघा. त्याच दिवशी आंब्याचं कोय कलमही बांधून दाखवता येईल : कोय रुजून आलेलं, तांबूस कोवळ्या पानांचं रोप घ्यायचं, शेंडा छाटून उरलेला दांडा मधोमध चिरायचा, त्यात केसरची पाचरीसारखी तासलेली काडी बसवून प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट गुंडाळायचं. सहलच काढायची तर छत्रपती संभाजीनगरला हिमायतबागेत फळ संशोधन केंद्र आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं. आधी पत्र देऊन जा.

स्पर्धा ठेवलीत तर एक भांडण ठरलेलं : आदल्या दिवशी नर्सरीतून उचलून आणलेली कुंडी पहिलं बक्षीस घेऊन जाते. म्हणून सप्टेंबरातच नोंदणी करा. दोघीतिघींनी घरोघर जाऊन कुंडीच्या काठाला रंगाचा ठिपका लावावा. ठिपका नसलेली कुंडी मांडायला हरकत नाही, बक्षिसाला नाही. परीक्षक बाहेरगावचा हवा, आणि चिठ्ठीवर नाव नको, नुसता क्रमांक.

प्रश्न : माझ्या शेवंतीला पानं हिरवीगार येतात, पण गेल्या वर्षी दिवाळी उलटून गेली तरी कळी नाही. शेजारणीला मीच दिलेलं रोप मात्र फुलून आलं. माझ्या कुंड्या फाटकाशी, खांबावरच्या दिव्याखाली आहेत. कोणतं खत घालू?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : खत नको, अंधार द्या. रात्र मोठी व्हायला लागली की शेवंती कळी धरते, आणि ती रात्र सलग काळोखी लागते. खांबावरचा दिवा रात्रभर जळतो, झाडाला वाटतं अजून दिवस मोठाच आहे, म्हणून ते नुसतं वाढत राहतं. गणपती उठले की कुंड्या मागच्या अंगणात न्या. तिथं दिवसा ऊन भरपूर हवं आणि रात्री मोरीचा बल्बसुद्धा नको. युरिया घालत असाल तर तोही तेव्हापासून बंद.